चाळिशीनंतरची पहिली कादंबरी



ज्यांच्या स्मरणार्थ बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीत ही व्याख्यानमाला चालते ते शिक्षक होते, आणि शाळा सुटल्यानंतरही मुलांच्या हाती पुस्तके ठेवत राहिले, असे संयोजकांनी मला कळवले. अशा माणसाच्या नावाने बोलायचे तर विषय पुस्तकांचाच हवा. मी निवडलेला विषय असा : ज्यांनी तरुणपणापासून कादंबरी लिहायचे मनात धरले, संसार-नोकरीत ते राहून गेले, आणि चाळिशी-पन्नाशीत ज्यांना ते पुन्हा बोलावू लागले, त्यांनी काय करावे?

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, कारण इतरांची हस्तलिखिते वाचणे हे माझे काम आहे. त्यांतली पुष्कळशी पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या माणसांची असतात. कुणी बँकेत असतो, कुणी तहसिलीत, कुणी बाई मुलांची लग्ने उरकून पहिल्यांदाच स्वतःच्या टेबलाशी बसलेली असते. हस्तलिखितासोबत पत्र असते आणि पत्रात हमखास एक प्रश्न : मला उशीर झाला आहे का? पत्रातून त्याचे उत्तर दोन ओळींत द्यावे लागते. आज मला ते सविस्तर द्यायचे आहे. उशीर झालेला नाही. कादंबरीला लागणारा बराचसा ऐवज माणसाला याच वयात मिळतो. मात्र तो ऐवज आपल्या गावाचा आणि आपल्या बोलीचा असला पाहिजे, आणि तो कागदावर उतरवण्याचे काम रोजचे असले पाहिजे. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. आता त्याचे पुरावे देते.

तरुण वयात थोर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत हे आधीच मान्य करते. ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली तेव्हा शिवाजी सावंत सत्तावीस वर्षांचे होते. प्रतिभेला वयाची अट नाही. पण अट नाही ती दोन्ही बाजूंनी नाही, हे आपण विसरतो. कवितेला एक तीव्र क्षण पुरतो. कादंबरीला काळ लागतो. एखादे घर तीस वर्षांत कसे बदलले, दोन भावांत अबोला कसा आला आणि बापाच्या तेराव्याला तो कसा सुटला किंवा सुटलाच नाही, हे कल्पनेने लिहिता येते; पण ज्याने ते स्वतः पाहिले आहे त्याच्याकडे तपशील असतात. विसाव्या वर्षी आपल्याला माणसाची सुरुवात ठाऊक असते. पन्नासाव्या वर्षी त्याच माणसाचे पुढे काय झाले, हेही आपण पाहिलेले असते.

पहिले उदाहरण श्री. ना. पेंडसे यांचे. १९१३ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते मुंबईला आले आणि पुढे बेस्टमध्ये नोकरीला लागले. बसगाड्या आणि वीजपुरवठा सांभाळणाऱ्या त्या प्रचंड संस्थेतल्या नोकरीवर त्यांचे घर चालले. ‘खडकावरील हिरवळ’ हे शब्दचित्रांचे पुस्तक १९४१ साली निघाले, पण पहिली कादंबरी ‘एल्गार’ यायला १९४९ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. मग ‘हद्दपार’ आणि ‘गारंबीचा बापू’ आल्या. १९६२ साली, पन्नाशीला टेकताना, ‘रथचक्र’ आली. तिला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची, एका खोत घराण्याच्या पिढ्यान् पिढ्यांची कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. लेखक तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. पेंडशांनी लिहिण्यासाठी नोकरी सोडली नाही. नोकरीने त्यांना दिवसाचे तास दिले नाहीत, पण घरची चिंता दूर ठेवली, आणि उरलेल्या वेळात त्यांनी नेमाने लिहिले. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. लहानपणी सुटलेला दापोलीचा मुलूख त्यांनी मुंबईत राहून वर्षानुवर्षे मनात वागवला आणि मध्यवयात तो लिहायला घेतला. अंतर पडले म्हणून गाव पुसले गेले नाही. अंतरामुळे ते साऱ्या बाजूंनी दिसू लागले. इथून नागपूरला, रायपूरला, पुण्याला गेलेल्या आणि आज सुट्टीवर घरी आलेल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरे नाव ना. सं. इनामदारांचे. जन्म १९२३चा, पहिली कादंबरी ‘झेप’ १९६३ची, म्हणजे वयाच्या चाळिशीत. आणि नायक निवडला तो त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीरावाचा हा कारभारी इतिहासात गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या १८१५ सालच्या खुनाच्या आरोपामुळे बदनाम झालेला. पुढे यशवंतराव होळकर, खुद्द दुसरा बाजीराव, अशाच लोकापवादात सापडलेल्या माणसांकडे इनामदार वळले. ज्यांचा निकाल लागून गेला आहे त्यांची फाईल पुन्हा उघडावी, असे विशीत क्वचितच कुणाला वाटते. तोपर्यंत आपण स्वतः कुणाच्या निकालाचे बळी झालेलो नसतो, आणि आपणही कुणाचा अन्यायाने निकाल लावलेला नसतो. चाळिशीपर्यंत दोन्ही घडून गेलेले असते. माणसाकडे दुसऱ्यांदा पाहण्याची ही तयारी म्हणजे कादंबरीकाराचे भांडवल.

आता आपल्या बाजूच्या नागपूरला येऊ. आशा बगे यांचा जन्म १९३९ सालचा. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ साली बंद पडले. त्याच्या शेवटच्या काळात, म्हणजे चाळिशीच्या सुमारास, त्यांची कथा तिथे वाचकांपुढे आली. मग कथासंग्रह आणि कादंबऱ्या येत गेल्या. २००६ साली ‘भूमी’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२३ साली जनस्थान पुरस्कार. ‘भूमी’तली मैथिली तमिळ वडिलांची आणि मराठी आईची मुलगी आहे, दोन भाषांच्या, दोन रीतींच्या मध्ये ती आपली जागा शोधते. मोठ्या कुटुंबातले सण, आजारपणे, पाहुणेरावळे, स्वयंपाकघरातली न बोललेली भांडणे यांना साहित्यात दुय्यम समजण्याची आपल्याकडे खोड होती. बगे यांच्या लेखनाने तिला उत्तर दिले. संसार सांभाळणाऱ्या बाईने पंचवीस वर्षे जे पाहिले ते वाया गेलेले नसते. मुंबईत शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ ही पहिली कादंबरी त्यांच्या पन्नाशीच्या सुमारास आली आणि दुसरी ‘त्या वर्षी’ २००८ साली, सत्तरीजवळ. मधल्या काळात त्या भाषांतरे, संपादन, नाट्यसमीक्षा करत राहिल्या.

वारासिवनीत उभी राहून मी फक्त महाराष्ट्राकडे पाहिले तर चुकेल. गोंदियाहून डोंगरगडच्या बाजूने गाडीने निघालो की थोड्याच वेळात राजनांदगाव लागते. १९३७ साली तिथे जन्मलेल्या विनोद कुमार शुक्ल यांनी कृषी शिक्षणाच्या क्षेत्रात नोकरी केली, कविता लिहिल्या, आणि ‘नौकर की कमीज’ ही पहिली कादंबरी १९७९ साली, बेचाळिसाव्या वर्षी प्रसिद्ध केली. तिचा नायक संतू बाबू हा एका कचेरीतला साधा बाबू. भाड्याचे घर, गळके छप्पर आणि साहेबाची मर्जी एवढ्याच ऐवजातून ती कादंबरी उभी राहिली. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ला १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२४ सालचे ज्ञानपीठ त्यांना जाहीर झाले. आपल्याकडे लिहिण्यासारखे काही घडलेच नाही, अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक कारकुनाने हे पुस्तक वाचावे.

त्याच राजनांदगावात १९५८पासून गजानन माधव मुक्तिबोध प्राध्यापक होते. घर मराठी, लेखन हिंदी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. त्यांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ साली आली, तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते. एकाच घरातला एक भाऊ हिंदीत मोठा झाला, दुसरा मराठीत. दोन भाषांच्या सीमेवर राहणे म्हणजे कुठल्याच भाषेचे न राहणे, अशी भीती इथल्या मुलांना घातली जाते. मुक्तिबोधांचे घर तिला पुरेसे उत्तर आहे. पण त्या थोरल्या भावाच्या आयुष्यात एक इशाराही आहे. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, सत्तेचाळिशीच्या आत, ते गेले; ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना छापील रूपात पाहता आला नाही. बाहेरच्या देशांतलेही दोन दाखले घ्या. इटलीतल्या ज्युसेप्पे तोमासी दी लाम्पेदूसा या सिसिलीच्या सरदाराने आयुष्यभर वाचन केले आणि साठी जवळ आल्यावर एकच कादंबरी लिहिली. प्रकाशकांनी ती नाकारली. १९५७ साली तो वारला, १९५८ साली ती छापली गेली आणि विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ इटालियन कादंबऱ्यांत गणली गेली. इंग्लंडमधल्या पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांनी मुले वाढवत, शिकवण्या करत पहिली कादंबरी साठाव्या वर्षी, १९७७ साली प्रसिद्ध केली आणि दोनच वर्षांत बुकर पारितोषिक मिळवले. वेळ आहे, असे ही उदाहरणे सांगतात. वेळ अमर्याद आहे, असे त्यांतले एकही सांगत नाही.

म्हणून आता कामाचे बोलते.

मध्यम आकाराच्या मराठी कादंबरीत साधारण साठ हजार शब्द असतात. रोज तीनशे शब्द लिहिले, म्हणजे वहीची दीड-दोन पाने, तर दोनशे दिवसांत पहिला खर्डा तयार होतो. धानाच्या रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले, लग्नसराई सोडली, दिवाळी सोडली, तरी वर्षात दोनशे दिवस उरतात. खर्ड्यानंतर तेवढाच काळ पुनर्लेखनाला लागतो, बहुधा अधिक. तीन वर्षे धरा. बावन्नाव्या वर्षी सुरुवात केलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी कादंबरी हातात घेऊन उभा असेल. न केलेला माणूसही पंचावन्न वर्षांचा होणारच आहे. जागा ठरलेली असावी, वेळ ठरलेली असावी, आणि घरच्यांना ती माहीत असावी. निवृत्तीची वाट पाहू नये. निवृत्तीनंतर वेळ मिळतो हे खरे, पण वीस वर्षांत न लागलेली बैठक एक तारखेपासून लागत नाही.

नोकरी सोडू नये. मराठीत कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आतबाहेर असते. तिच्या मानधनावर घर चालत नाही. आणि पेन्शनचे, मुलांच्या शिक्षणाचे किंवा जमीन विकून आलेले पैसे छपाईत घालू नयेत. लेखकाकडून भरपूर रक्कम घेऊन पुस्तक छापून देणारे पुष्कळ आहेत. ते हस्तलिखित वाचत नाहीत, सुधारत नाहीत, आणि छापलेल्या प्रती शेवटी लेखकाच्याच घरातल्या पलंगाखाली राहतात. नकार आला तर दुसरीकडे पाठवावे, आणि दरम्यान हस्तलिखित पुन्हा वाचावे.

मध्यवयीन लेखकांच्या हस्तलिखितांत काही दोष मला पुन्हा पुन्हा दिसतात. तेही सांगायला हवेत, कारण उत्तेजन देऊन वाट न दाखवणे बरे नाही. पहिला दोष हिशेब चुकते करण्याचा. सासू, साहेब, भाऊबंद यांच्यावरचा वर्षानुवर्षांचा राग पात्रांवर काढला जातो. असे पात्र पहिल्या पानावर जसे असते तसेच शेवटच्या पानावर राहते. ज्याच्यावर राग आहे त्याच्याच बाजूने एक प्रकरण लिहून पाहावे. ते जमले तर कादंबरी सुरू झाली. दुसरा दोष सांगण्याच्या घाईचा. आयुष्यभर जमलेली मते, अनुभवाचे बोल, तरुण पिढीला उपदेश, सगळे पात्रांच्या तोंडी येते. मते लेखाला द्यावीत. कादंबरीत माणसांनी काहीतरी करावे लागते. तिसरा दोष सगळ्या आयुष्याचा. जन्मापासून निवृत्तीपर्यंतच्या घटना सनावळीप्रमाणे मांडल्या की आत्मचरित्र होते, तेही अपुरे. एक प्रश्न धरावा, एक घर, एक निर्णय, आणि बाकीचे निर्दयपणे गाळावे.

चौथा दोष भाषेचा, आणि तो या गावाला सर्वांत जवळचा आहे. घरात पोवारी, झाडीच्या वळणाची मराठी किंवा हिंदी-मराठी मिसळलेली बोली बोलणारा माणूस लिहायला बसला की अचानक पुण्याच्या पाठ्यपुस्तकासारखे बोलू लागतो. त्याची पात्रे तर त्याहून शुद्ध बोलतात. उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’ लिहिली ती वऱ्हाडी बोलीच्या बळावर. कौतिक आपल्याला कायमची आठवते ते तिच्या बोलण्यामुळे. सदानंद देशमुखांनी बुलढाण्याच्या शेतकरी घराची ‘बारोमास’ २००२ साली, चाळिशी ओलांडल्यावर आणली आणि दोन वर्षांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. तिच्यातली माणसेही आपल्याच मातीतले बोलतात. कुणाची बोली अशुद्ध नसते. लेखकाचे काम ती ऐकून नेमकी उतरवण्याचे.

आणि इथे उतरवण्यासारखे किती आहे! १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. राज्ये बदलली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. शाळेची भाषा एक, आजीची भाषा दुसरी, सोयरीक वैनगंगेच्या पलीकडे भंडारा-गोंदियात, खटले जबलपूरच्या न्यायालयात. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत या फेरबदलाने काय केले, हे आज साठीत असलेला माणूस सांगू शकतो. त्याची नात सांगू शकणार नाही. तुमच्या विणकरांच्या साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला मिळाले. मानांकन मालाला मिळते. मागावर बसलेल्या माणसाची पाठ, कांड्या भरत म्हातारी झालेली त्याची बायको, धोटा हातात घ्यायला नकार देऊन नागपूरला गेलेला मुलगा, यांची नोंद कुठलेही सरकारी कार्यालय ठेवत नाही. बांधीच्या हद्दीवरून चाललेली भावकी, पटवाऱ्याच्या दारातल्या फेऱ्या, धान खरेदीच्या वेळी समितीपुढे लागलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत काढलेली थंडीची रात्र, कटंगीच्या छोट्या गाडीतून शिकायला गेलेल्या मुली, ही सगळी कादंबरीची सामग्री आहे. ती बाहेरच्या लेखकाला चार दिवसांच्या मुक्कामात मिळणार नाही. तुम्हाला ती जगता जगता मिळाली आहे, आणि लिहिली नाही तर ती तुमच्याबरोबरच संपणार आहे.

म्हणून शेवटी तीन विनंत्या करते.

पहिली घरच्यांना. आई किंवा वडील, नवरा किंवा बायको लिहायला बसत असतील तर त्यांना रोजचा एक तास निर्वेध द्या. त्या तासात त्यांना दुकानात पाठवू नका, आणि काय लिहिले म्हणून रोज विचारूही नका.

दुसरी विनंती व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना. दर वर्षी एक संध्याकाळ बाहेरून वक्ता बोलावू नका. त्या संध्याकाळी या परिसरातल्या चाळिशीपुढच्या लिहिणाऱ्यांना आपापले एक प्रकरण वाचू द्या, मराठीत, पोवारीत किंवा हिंदीत. ऐकणारे मिळाले की लिहिणारा टिकतो.

तिसरी विनंती त्यांना, ज्यांच्या मनात ही कादंबरी वर्षानुवर्षे आहे. तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक नाही, पण या सभागृहात तुम्ही आहात याची खात्री आहे. वय विचारत बसू नका, परवानगी मागू नका, मुहूर्त पाहू नका. ज्या माणसाबद्दल तुम्हाला सर्वाधिक माहिती आहे आणि तरीही जो तुम्हाला पुरता कळलेला नाही, त्याच्यापासून सुरुवात करा. उद्या सकाळी पहिली तीनशे अक्षरे लिहिलीत तरी चालेल. परवा तीनशे शब्द लिहा. या खोऱ्याची कादंबरी या खोऱ्यातल्या माणसानेच लिहायची आहे, आणि ती लिहायला लागणारे वय तुमचे झाले आहे.